आईचा तिरका अंगठा

पिंगळी, ता. परभणी
८ मार्च १९८७

चि. सौ. रुख्मिणीस,

तुझ्या बाबांचे आशीर्वाद. पत्र पोचले. इकडे ठीक आहे. ज्वारी काढून झाली. रेल्वेची गँगमनची नोकरी सुटून पाच वर्षे होत आली, तरी गाडी गेली की मी रुळाकडे बघतो. उगीच काळजी.

आईचा अंगठा मागच्या पत्रावर तिरका कसा, असे तू विचारलेस. शाई कमी होती.

मार्च आहे, म्हणून जावई भगवानरावांचा निरोप येण्याआधीच लिहितो. यंदा त्यांच्या पीपीएफ खात्यात भरायला मी पैसे देणार नाही. रागावू नको. चार मार्च मी माझ्या फंडातले तीन-तीन हजार दिले. "मामा, तुमचे पैसे पडूनच हायेत. माझ्या खात्यात टाकू. माझा टॅक्स वाचंल, अन् पंधरा वर्षांनी व्याजासकट तुमचेच." असे ते म्हणाले होते. त्यात कपट नव्हते. दर दिवाळीला धोतरजोडी आणतात. पंधरा वर्षांनी मी पंच्याहत्तरीला टेकेन, हे माझ्याच ध्यानात आले नाही.

आपले पोस्टमास्तर किशनराव यांना परवा विचारले. ते हसले. "आश्रुबा, ज्याची कमाई त्यानं आपल्या म्हातारपणासाठी राखावी, म्हणून सरकार टॅक्स सोडतंय. तुमी जावयाचं म्हातारपण भरायलाव. तुमचं कुठं हाय?"

मग म्हणाले, "अडचण होती तर सांगायचं न्हाई का? त्या खात्यावर जावयाला कर्ज काढता आलं असतं. एक अर्ज, बस."

मी घरी आलो.

रुख्मिणी, शाई कमी नव्हती. दसऱ्याला डॉक्टरांनी आईला काचबिंदू सांगितला. महिन्याच्या आत औरंगाबादला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर नजर जाईल, म्हणाले. दोन हजारांचा खर्च होता. माझ्याजवळ तीनशे होते. दिवाळीला भगवानराव आले. निघताना त्यांनी विचारले, "मामा, काही अडचण हाय का? चेहरा उतरलाय तुमचा." मी म्हणालो, "छे, काही न्हाई." जावयापुढे हात कसा पसरायचा? पैसे माझेच होते, तरी जीभ उचलली नाही. तुझी आई दाराआडून ऐकत होती. तीही बोलली नाही.

संक्रांतीपर्यंत तिचे डोळे गेले. आता ज्वारी बोटांनी निवडते. कुणी विचारले तर "धूर गेला डोळ्यांत" म्हणते.

भगवानरावांना दोष देऊ नको, भांडू नको. एवढेच सांग, की खात्यात दरमहा आपल्या पगारातले भरा, पन्नास का होईना. टॅक्स थोडा लागला तर लागू द्या. तुम्ही दोघे म्हातारे व्हाल तेव्हा ते तुमचे असेल, मागावे लागणार नाही. माझे बारा हजार आहेत तिथे राहू देत. आता कशाची घाई नाही.

हे सगळे आईला वाचून दाखवले. ऐकून म्हणाली, "पोरीला कशाला कळवलं?" मग अंगठा पुढे केला. मी तिचा हात धरून कोरी जागा दाखवली, तरी सरकला. खाली माझे नाव नीट वाचता येणार नाही. त्यावरच तिचा अंगठा आहे.

तुझा बाप,
आश्रुबा