टिपणातून गाळलेलं वाक्य

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी दिल्लीत नक्की काय काम करते, हे तुम्हाला नीटसं सांगितलेलं नव्हतं. थिंक टँक म्हणतात तसल्या संस्थेत आहे मी. आपलं आणि शेजारच्या बड्या देशाचं सरकार एकमेकांशी बोलेनासं झालं, की दोन्हीकडचे निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापक आमच्याकडे बंद दाराआड बोलतात. त्याचं टिपण मी लिहिते आणि ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयात जातं.

तुम्ही कोर्टात लोकांच्या साक्षी टाइप करायचात आणि संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात बसून कॉलनीतल्यांचे अर्ज लिहून द्यायचात. एकदा दिंडोरीहून द्राक्षबागेत फवारणी करणारी एक बाई आली. तुमचा हात दुखत होता म्हणून अर्ज मी लिहिला. ती म्हणाली होती, "मालक वाईट नाय, पण पंप फुटका हाय, औषध अंगावर येतं." मी पहिले तीन शब्द गाळले. वाटलं, त्यानं तक्रार लेचीपेची होते. तुम्ही अर्ज वाचलात, फाडलात आणि तिच्यासमोरच मला म्हणालात, "बाई जे बोलली ते तिचं आहे. त्यातलं काढणारी तू कोण?" मी रडत पुन्हा लिहिला. पुढे ती सांगायला आली, की मालकानं तो शेवटपर्यंत वाचला आणि पंप बदलला.

यंदा आमची बैठक त्याच दिंडोरीजवळ, बागेतल्या एका हॉटेलात झाली. खिडकीबाहेर छाटणी चालली आहे, आत दोन्हीकडचे लोक जुनीच भाषणं करताहेत. तिसऱ्या दिवशी समोरच्या देशाचे एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "सीमेवर चूक आमच्याकडून झाली, असं आमच्यातले बरेच जण मानतात. पहिलं पाऊल आम्ही टाकू शकतो." मी ते शब्दशः उतरवून घेतलं. संध्याकाळी आमच्या संचालकांनी मला बाजूला घेतलं. वातावरण तापलेलं आहे, हे वाक्य गेलं तर आपली संस्था मवाळ ठरेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हुकूम केला नाही, नुसतं सुचवलं. मी त्यांच्यासमोरच ते पुसलं.

दोन महिन्यांनी सरकारी पातळीवर उरलीसुरली बोलणीही थांबली. एका वाक्यानं ती टिकली असतीच, असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी ते वाक्य वाचायला हवं होतं, त्यांनी ते वाचलंच नाही. मग त्या गृहस्थांचा मेल आला. "माझं बोलणं लिहून घेताना मी तुम्हाला पाहिलं होतं. ते तुमच्या सरकारपर्यंत पोचलं का?" एवढंच विचारलं होतं त्यांनी.

मी कळवलं, पोचलं. त्यांनी आभार मानले.

सुट्टीत घरी आलेय. आईनं विचारलं काय लिहितेस, तर ऑफिसचं काम म्हणून सांगितलं. हे वहीतच राहील, अण्णा. त्यांना खरं कळवायला अजून उशीर झालेला नाही. मी कळवणार नाही, हेही मला माहीत आहे.