पांढरा कागद

ओटाहुहू, ऑकलंड
१० जुलै २००५

ती. दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. थंडी आहे. ओवीला शाळेची सुट्टी लागली.

तुला एक हकिगत कळवायची आहे. पुकेकोहेला मोरिताबाई राहतात. फुलांची शेती करतात, औषधं आमच्या फार्मसीतून नेतात. त्यांच्या शेडमध्ये उंच फळीवर शिंतो या जपानी धर्माचं देवघर आहे. लाकडी, दोन दारांचं. मूर्ती नाही. पुढे मीठ, तांदूळ, पाणी. नव्या वर्षाला इथली चार जपानी कुटुंबं तिथेच जमतात.

जूनमध्ये त्यांची आई जपानात वारली. पंचवीस तारखेला त्यांनी मला बोलावलं. घरात कुणी गेलं की देवाच्या दारावर पांढरा कागद लावतात, पन्नास दिवस. तो घरच्यांनी लावायचा नसतो. सुतक नसलेलं बाहेरचं माणूस लागतं.

तुमच्याकडे सगळे ठीक ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. हात धुतले, तोंड धुतलं, स्टुलावर चढून कागद चिकटवला.

बाबांना जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तू म्हणालास, "बाबा झोपलेत."

तेरावा उरकल्यावर सांगितलंस. तुला रजा नव्हती, उगाच तिथे एकटी रडत बसली असतीस, म्हणालास. आणि वर, "लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस असतं. आता नुसती आंघोळ कर." मी केली.

मे महिन्यात मी तुला रजा नाही म्हणाले, ते खोटं होतं. रजा होती. नळ्या लावलेले बाबा मला बघायचे नव्हते. तू ते ओळखलं असणार. मग तू माझी सोय केलीस की शिक्षा दिलीस, मला ठरवता येत नाही.

काल मोरिताबाईंना जाऊन सगळं सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेजारणीकडून कागद बदलून घेतला. तोवर आम्ही दोघी शेडबाहेर उभ्या होतो. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, यात पाप नाही. दुःखानं माणसाचा जोर आटतो. तो परत येईपर्यंत देवासमोर जायचं नाही, इतकंच.

मग त्यांनी कॅलेंडरवर माझे पन्नास दिवस मोजले. आठ ऑगस्ट.

तोवर मी सुतकात आहे. फोन करू नकोस. वहिनीलाही सांग.

आज सही लग्नाआधीच्या नावानं करते.

नीलांबरी दीनानाथ पोंक्षे