झोपायच्या खोलीतलं मोहाचं झाड

ती. ओमप्रकाशभाऊ यांना सूर्यभानचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचे पापड वाळले असतील. मी इकडे खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमची बहीण सत्यभामा अकोल्याला तुमच्याकडे येऊन बसली आहे, आणि घरातलं झाड हटल्याशिवाय घरात पाय ठेवणार नाही, असं तिने तुम्हाला सांगितलंच असेल. आता माझी बाजू ऐका.

चिखलदऱ्याच्या पायथ्याचा आपला उताराचा प्लॉट तुम्ही पाहिला आहे. शेजारच्या डॉक्टरांनी जेसीबी लावून उतार सपाट केला, सागवान तोडलं, विकतची हिरवळ अंथरली आणि फाटकावर 'वनराई' अशी पाटी ठोकली. (पाटीभोवती वेल आहे, प्लास्टिकची.) त्यांचा आर्किटेक्ट पुण्याचा. मी कोणत्याही कॉलेजात गेलो नाही. अमरावतीत सिमेंट-सळाख विकता विकता पुस्तकं वाचून शिकलो. पण मी एक फांदी तोडली नाही. उतार जसा उतरतो तसं घर उतरवलं: वर बैठक, खाली स्वयंपाकघर, त्याखाली झोपायची खोली. तिथे मोहाचं झाड उभं होतं, ते तसंच ठेवून स्लॅबला फांद्यांखाली मोठं गोल भोक ठेवलं. फरशीत खोडाभोवती वीतभर जागा सोडली, कारण झाड वाढतं तसं जाड होत जातं. भोकातून येणारं पाणी वाहून जावं म्हणून फरशीला मीटरमागे एक सेंटीमीटर ढाळ दिला. (पुण्याच्या माणसाला हे सुचलं असतं का, तुम्हीच सांगा.)

नकाशात सगळं होतं. मोहाच्या झाडाला मालक असतो, एवढंच नव्हतं. जमीन कोणाचीही असो, फुलं वेचायचा हक्क गावातल्या एकेका घराचा, पिढ्यानपिढ्या. आपलं झाड पंचफुलाबाईचं निघालं. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची इथली पद्धत, म्हणून होळीनंतर ती काडीपेटी घेऊन थेट झोपायच्या खोलीत आली. फरशी पाहून खूश झाली. म्हणाली, "हे बेस केलं भाऊ. फुलाले माती लागत नाही." या घराची आजवर झालेली ही एकमेव जाणकार स्तुती. मी तिला म्हटलं, खुशाल येत जा.

मग ती रोज पहाटे टोपली घेऊन येऊ लागली. सोबत तिची जाऊ आणि दोन सुना. फुलं पलंगावर, सत्यभामाही पलंगावर. निसर्गाशी जुळवून राहणं यालाच म्हणतात, हे मी तिला नीट समजावलं. (तिने उशी फेकली.) एका पहाटे पंचफुलाबाई तिला म्हणाली, "बाई, जरा पाय वर घ्या, खाली फुलं हायत." सत्यभामेने पाय वर घेतले, ते थेट अकोल्याच्या बसमध्ये टेकवले. जाताना मला म्हणाली, "तुमाले झाड पाहिजे का बायको, ते ठरवून घ्या. मी काही फांदी नोहो, इथंच लटकून राहाले."

तिला एवढंच सांगा की आराखड्यात चूक नाही. चुकला असेल तर पलंग.

आपला,
सूर्यभान

ता. क. : पलंग वर बैठकीत नेला आहे. हंगामापुरती खालची खोली पंचफुलाबाईची. मध्ये कडी बसवली आहे. (तिच्या बाजूने.)

ता. क. २ : सत्यभामेला फक्त पहिला ता. क. वाचून दाखवा, वरचं पत्र नको. ते पोस्टाने येत नाही. तुमच्या फाटकाबाहेर ऑटोत बसून लिहितो आहे. आधी तिचा राग पाहून या, मग मला आत घ्या. माफी तोंडी मागणार आहे, म्हणून पत्रात लिहिली नाही.