तू पाठवलेला भोपळा

वाळका भोपळा पाठवायची अवदसा तुला कुठून आठवली, ते आधी सांग. बाकीचं मग.

धाकटे, अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्याहून वाईट आहेत, तेव्हा फार रडगाणं लिहू नकोस. भाऊजींना नमस्कार. (मागच्या पत्रात त्यांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. चालते. भट्टीपर्यंत जाते, नातीला बोल लावते आणि परत येते.)

तर आपली नात. नळीतून काच फुगवायचं तिचं काम तुला ठाऊक आहे. बाटल्या, पेले बरे चालले होते. मग डोक्यात शिरलं की काचेत झाडापानांचं काहीतरी उतरवायचं. ओली पानं घातली. काच फुटली आणि हिची भुवई गेली. (एकच. दोन्ही गेल्या असत्या तर निदान सारखं दिसलं असतं.) अंड्याची टरफलं कुटून घातली, निवताना भांडं तडकलं. कांद्याच्या साली घातल्या. काजळीशिवाय काही उरलं नाही. वर मलाच बजावते, आजी, विचारल्याशिवाय केर टाकत जाऊ नकोस.

भट्टीचा मालक तापला. आणखी माल वाया गेला तर भट्टीला हात लावायचा नाही म्हणाला. नेमका तेव्हा तुझा भोपळा आला, वाकड्या मानेचा, अंगभर पुळ्यांचा. मी बियांसाठी फळीवर ठेवला. हिने तो उभा चिरला, बिया माझ्या पदरात ओतल्या, टरफल पाण्यात भिजवून तारेने परत बांधलं आणि त्याच्या पोटात तापलेली काच फुगवली. धूर एवढा की शेजारचा सुतार बादली घेऊन धावत आला. भोपळ्याचा कोळसा झाला, पण आतून दिव्याची हंडी निघाली. मान तशीच वाकडी, पुळी न पुळी जागच्या जागी.

आता ती निवायला ठेवलीय. घाई केली तर तडकते म्हणे. ही भट्टीच्या दाराशी बसून आहे, जेवायलाही उठत नाही. कुठे कट् झालं की दोघी दचकतो. सकाळी माझा गुडघा वाजला तर ही रडायलाच लागली. असल्या नादाला लावणाऱ्या वस्तू पुन्हा या घरात पाठवू नकोस.

तुझी ताई

ता. क. हंडी शाबूत निघाली. मालकाने सगळीकडून बोट फिरवलं आणि म्हणाला, "एक चुकूनही जमते. जोडी करून दाखव, मग भट्टी तुझी."

आणखी एक. त्याच वेलाचा दुसरा भोपळा तू माळ्यावर टांगलायस, कुणाला हात लावू देत नाहीस, हे मला माहीत आहे. तो पाठव. धुऊ नकोस, पुळ्या घासू नकोस, जुन्या लुगड्यात गुंडाळ. बिया परत मिळतील. भाऊजींची पत्रं मी चष्मा न लावता वाचते, एक अक्षर दिसत नाही, तेव्हा नाही म्हणायचं असेल तर त्यांना लिहू दे. हो म्हणायचं असेल तर तू लिही.