सातव्या मजल्यावरची आई

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. आईचा खोकला बराच कमी झालाय. भाओजींचा गुडघा कसा आहे?

घर सरकारी असलं तरी उजेड भरपूर आहे. सातव्या मजल्यावर वाराही छान लागतो. भिंतीला ओल आलीय, पण आईचा पलंग मी सरकवून घेतला. लिफ्ट तेवढी चार महिन्यांपासून बंद आहे.

काल घरांची पाहणी करायला एक मुलगी जिने चढून आली. एकेका सोयीचं नाव घेऊन समाधानी आहात का, असं विचारत होती. लिफ्टचं आलं तेव्हा मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "समाधानी लिही गं. मला कुठं जायचंय?" तक्रार केली तर घर काढून घेतील, ही तिची धास्ती. मी मुकाट्याने सही केली.

मुलगी उठली, तर आईने तिचा हात धरला. "अजून काही विचारायचं असेल तर विचार ना. बस जरा."

ताई, खाली फिरायला जातेस का, असं तिला फोनवर विचारू नकोस. ती हो म्हणते आणि मग दिवसभर बोलत नाही.

पोरांना जवळ घेऊन मामाची आठवण सांग.

तुझा,
धाकटा