उजेडखड्याची तलवार

गुरुवार, संध्याकाळ

तलवार! माझ्या गोष्टीतल्या उजेडखड्याची अजितदादानं आपल्या नव्या गेममध्ये तलवार केली. आंधळ्याच्या हातात ठेवला की त्याला दिसायला लागतं, असा खडा तो. आणि त्याच्या उघड्या खाणीत फक्त दिवसाच खणायचं, कारण अंधारात खडकातले जीव न दिसता चिरडले जातात. दादानं तो नियमही उडवला. आता रात्री सुरुंग लावतात. राजारामपुरीत त्याच्या ऑफिसात जाऊन भांडले, तर म्हणतो, "कोण पाळतंय गं असलं? गेम हाय, देऊळ न्हाय." तलवारच करायची होती, तर माझा खडा कशाला घेतला? तेवढ्यात त्यानं खिडकीबाहेर बघितलं आणि गडबडीनं लॅपटॉप मिटला. "चल, दिवस बुडायच्या आत जेवाय पायजे." आम्ही जैन ना! अंधारात ताटात एक चिलट मरू नये, म्हणून पळाला.