भिंतीपलीकडचं सायकस

३ मे
अंगणातल्या सायकसला शंकू आला. पिवळा, उभा, चांगला हातभर. धनश्री बीडला बीएस्सी करते. तिला फोटो पाठवला. म्हणाली, पप्पा, हे नर झाड. अनावृतबीजी. याला ना फूल, ना फळ. बी उघडंच असतं, आणि ते येतं मादीच्या झाडाला.
मादी कुठं आहे ते मला माहीत आहे. भिंतीपलीकडं, आश्रुबादादाच्या अंगणात. वडिलांनी जोडी आणली होती, वाटणीत एकेक झाड आलं. विहिरीच्या पाण्यावरून थोरल्या भावाशी माझं बोलणं बंद आहे. तो आधी बोलला तर बोलेन. प्रश्न तत्त्वाचा आहे.
संकल्प: बी धरवायचं, नेकनूरला सायकसची नर्सरी टाकायची. प्युअर बिझनेस.

५ मे
परागकण वाऱ्यानंही जातात, असं नेटवर वाचलं. म्हणजे पलीकडं जायची गरज नाही. वारा काही वाटणीत गेलेला नाही.
संध्याकाळी वारा उलटा.

६ मे
उलटाच. बायको संगीता म्हणाली, “दार उघडं हाय त्यांचं, कावून जात न्हाई?” हिला सायन्स कळत नाही.

९ मे, सकाळ
टेबलफॅन भिंतीवर ठेवला. शंकू हलवला, बटण दाबलं. पिवळाधमक ढग थेट पलीकडं. सक्सेस.

दुपार
पलीकडं विमलवहिनीच्या कुरडया वाळत होत्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी पिवळ्या झालेल्या कुरडया झटकू लागली. दादा बोलला, “काय बे, भंडारा उधळतो का?”
तो आधी बोलला. नोंद असावी.
मी सांगितलं, परागीभवन चालू आहे. म्हणाला, “मंग इकडं ये की. भिंतीवरून कशाला?”

१० मे
गेलो. फक्त टेक्निकल कामासाठी. पुडीत पराग घेतले होते. वहिनीनं चहा टाकला, कुरडयांचा विषय काढला नाही.
झाडाजवळ गेलो. मधोमध पिवळा, उभा, हातभर शंकू. धनश्रीला फोटो पाठवला. उत्तर आलं: पप्पा, हा पण नर.
दादाला सांगितलं. त्यानं शंकूला हात लावून पाहिला. मग म्हणाला, “मला वाटलं, मादी तुझ्याकडं हाय. मी बी वाऱ्याचीच वाट बघत हुतो.”
नर्सरी कॅन्सल.